‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते’

वाईजवळच्या आमच्या अंगणवाडीत 3 ते 6 वर्षांची मुलं येतात. खाऊ झाला की मी सतरंजीवर त्यांच्यातच मांडी घालून बसते. खुर्चीवरून सांगितलेली गोष्ट पोरांपर्यंत पोचत नाही. एका वेळी एकच गोष्ट, पाच-सात मिनिटांची.

चिमणी-कावळ्याची गोष्ट मी आठवडाभर रोज सांगते. पहिल्या दिवशी मुलं नुसती ऐकतात. तिसऱ्या दिवशी ‘चिऊताई, चिऊताई...’ एवढंच म्हणून मी थांबते. इथं घाई करू नका, पुढचं त्यांना म्हणू द्या. एक मुलगी दोन महिने वर्गात तोंडच उघडत नव्हती. तिचा पहिला शब्द चिऊताईचा होता: ‘थांब!’ आठवलं की अजून भरून येतं.

घरी पुस्तक नसलं तरी अडत नाही. भाकरी थापताना सांगा, कृष्णेच्या घाटावर जाताना सांगा. ‘ढोल्या गणपतीच्या देवळावर चिऊ कुठं बसली असंल?’ असं विचारा. आजी असेल तर तिलाच सांगू द्या, तिच्याच बोलीत. मधेच तिचे शब्द सुधारू नका. मोबाईलवरची गोष्ट मुलाच्या प्रश्नासाठी थांबत नाही, म्हणून ती मी धरतच नाही. आणि झोपताना बागुलबुवा अजिबात नको.