पॅसिफिकच्या बेटांवर संशोधनासाठी येणाऱ्या मराठी मंडळींसाठी

भारतातून संशोधनासाठी फिजीत येणाऱ्यांचा मुक्काम बहुधा राजधानी सुव्यात पडतो आणि पहिली ओळख होते ती लाउथाला बे येथील युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकशी. १९६८ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ १२ देशांच्या सामाईक मालकीचे आहे. त्यामुळे येथील एखाद्या विभागाशी सूत जुळले की किरिबाटी, तुवालू, टोंगा, व्हानुआतू येथील शाखांपर्यंत वाट मोकळी होते. शेतीच्या अभ्यासकांनी सुव्याजवळच नारेरे येथे असलेली पॅसिफिक कम्युनिटी या प्रादेशिक संघटनेची पीकवाणांची बँक अवश्य पाहावी. या सर्व संधी खऱ्या आहेत. परंतु पुण्यात किंवा दिल्लीत सही झालेला सामंजस्य करार बेटावरच्या गावाला ठाऊकही नसतो आणि काम मात्र त्या गावाच्या मर्जीनेच चालायचे असते, हे येण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे.

गावाच्या मर्जीने काम कसे चालते, याचे मला सर्वांत पटलेले उदाहरण सामोआतील आहे. १९९३ साली तेथे अळूच्या पानांवर करपा आला आणि लोकांचे रोजचे अन्न व देशाचे महत्त्वाचे निर्यात-पीक पाहता पाहता मोडीत निघाले. पुढे विद्यापीठाच्या अलाफुआ शाखेच्या साहाय्याने करप्याला तोंड देणारे वाण शोधण्याचे काम हाती घेण्यात आले, तेव्हा तयार लागवड शेतकऱ्यांच्या हाती देण्यापुरते त्यांना मर्यादित न ठेवता निवडीच्या टप्प्यावरच सामील करून घेतले गेले. रोग किती पसरतो हे शास्त्रज्ञ मोजू शकत होते; शिजवलेला कंद चवीला कसा लागतो, हे मात्र तो रोज खाणाऱ्यांनाच विचारावे लागले. कोकणात अळूवर काम केलेल्या कोणालाही येथे बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

याच्या नेमकी उलट बाजूही येथे विसरली गेलेली नाही. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी येथे केलेल्या अणुस्फोटाची राख मार्शल बेटांतील रोंगेलाप येथील रहिवाशांवर पडली आणि त्यानंतर त्यांची संमती न घेताच त्यांच्यावरील किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास सुरू करण्यात आला. व्हानुआतूने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून १९९४ पर्यंत परदेशी अभ्यासकांच्या सांस्कृतिक व सामाजिक संशोधनाला बंदीच घातली होती. ती उठली तेव्हा तेथील सांस्कृतिक केंद्राची परवानगी आणि गावाला प्रत्यक्ष उपयोगी पडेल असे काही देणे, या अटी आल्या. परवानगीची कागदपत्रे म्हणजे निव्वळ सरकारी त्रास असे वाटू लागले, तर हा इतिहास आठवावा. फिजीतही संशोधनाचा परवाना येण्यापूर्वीच मागावा लागतो. पर्यटक व्हिसावर येऊन मुलाखती घेण्याचा मोह कोणी धरू नये.

गावात शिरण्याची रीत सेवुसेवू या नावाने ओळखली जाते आणि ती कोणत्याही पत्रापेक्षा महत्त्वाची आहे. सुव्याच्या बाजारात यांगोनाच्या, म्हणजे जिच्या मुळ्यांचे पेय करतात त्या कावा या वनस्पतीच्या, वाळलेल्या मुळ्यांची जुडी कागदात गुंडाळून मिळते. अर्धा किलो पुरेशी होते. गावाच्या हद्दीत टोपी व गॉगल काढावा, पिशवी खांद्याला न अडकवता हातात धरावी, स्त्री-पुरुष दोघांनीही गुडघ्याखाली येणारे सुलू, म्हणजे कमरेला गुंडाळायचे वस्त्र, नेसावे आणि प्रथम तुरांगा नी कोरो, म्हणजे गावाचा कारभारी, यांच्याकडे जावे. जुडी तुम्ही स्वतः पुढे करून भाषण करायचे नसते. तुमच्या वतीने बोलणारा स्थानिक सहकारी बरोबर असावा लागतो. यांगोनाच्या पेयाची करवंटी हाती आली की एकदा टाळी वाजवावी, एका दमात प्यावी आणि नंतर तीनदा टाळ्या वाजवाव्यात. त्यानंतर तासन्‌तास जे बोलणे चालते त्याला तालानोआ म्हणतात, आणि प्रश्नावलीतील निम्म्या प्रश्नांची उत्तरे न विचारताच तेथे मिळतात. शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी सांगून टाकावे. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पाने, म्हणजे रोउरोउ, घरोघरी होतात आणि त्यावर आपले उत्तम भागते.

वेळापत्रक मात्र तुमच्या हाती नसते. जहाज पुढे ढकलले जाते, होडीच्या इंजिनाचे तेल अंदाजपत्रकापेक्षा महाग पडते, रविवारी चर्चखेरीज काही होत नाही आणि गावात कोणी वारले की सर्व कामे थांबतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचा काळ आहे; फेब्रुवारी २०१६ मध्ये विन्स्टन वादळाने कोरो बेटाची जी दैना केली ती पाहिलेला कोणीही त्या दिवसांत दूरच्या बेटावरील काम आखणार नाही. तीन आठवड्यांच्या कामासाठी निधी मागताना पाच आठवडे मागावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या भारतीय चेहऱ्याविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. १८७९ ते १९१६ या काळात गिरमिटावर, म्हणजे मुदतीच्या मजुरी-करारावर, भारतातून आणलेल्या सुमारे ६०,००० मजुरांचे वंशज येथे आहेत आणि त्यांची फिजी हिंदी आपल्याला थोड्याच दिवसांत कळू लागते. देशातील सुमारे ८७ टक्के जमीन मूळ इताउकेई कुळांच्या सामाईक मालकीची असल्याने जमीन हा नाजूक विषय आहे. त्यावर कोणाचीही बाजू घेऊन बोलू नये.

माहिती गोळा केल्यावरची जबाबदारी अधिक कठीण आहे. चाळीस घरांच्या गावात नाव गाळले तरी ‘एक शिक्षिका’ म्हणजे कोण, हे सर्वांना कळते. म्हणून मजकूर छापण्यापूर्वी त्या व्यक्तीला वाचून दाखवावा. फिजीच्या वेराता भागातील उथुनिवानुआ गावात १९९७ मध्ये किनाऱ्याचा एक पट्टा शिंपल्या गोळा करण्यासाठी बंद ठेवण्यात आला, तेव्हा शिंपल्या मोजण्याचे प्रशिक्षण गावकऱ्यांनाच दिले गेले आणि वाढलेली संख्या त्यांनी स्वतःच पाहिली. असे शक्य नसेल, तर निदान परत येऊन गावाच्या सभेत निष्कर्ष फिजी भाषेत सांगण्याचा प्रवासखर्च आणि अनुवादकाचे मानधन मूळ अर्जातच मागून ठेवावे, कारण प्रकल्प संपल्यावर त्यासाठी पैसे कोणी देत नाही.