शौकाची जुनी गाडी घेतलीत? चाकांच्या बाबतीत या चुका टाळा

डोंबिवलीहून १९९७ सालची मारुती ८०० ठाण्यात आणली, तेव्हा तिच्या चारही लोखंडी रिमना गंज चढला होता. मला ते बघवेना. चार दिवसांत मी तेरा इंची अलॉय, म्हणजे हलक्या मिश्रधातूची चाकं बसवली. रविवारी पहाटे पूर्व द्रुतगती महामार्गावर ताशी ६५ च्या पुढे गेलो आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. तीनदा बॅलन्सिंग केलं, थरथर जागच्या जागी. दीड महिन्यानं कळलं की दोष दोन होते. नव्या चाकांचं मधलं भोक हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गोल भागापेक्षा मोठं होतं आणि डावीकडचा टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा सांधा ढिला होता. एक दोष मी विकत आणलेला, दुसरा गाडीबरोबर आलेला. चाकं आधी बदलल्यामुळे कुठली थरथर कशाची, हे ना मला कळत होतं ना मेकॅनिकला.

म्हणून सगळ्यात मोठी चूक मी हीच मानतो. गाडी आली की निदान महिनाभर ती मूळ मापाच्याच चाकांवर चालवा. रिम घासून रंगवा, टायर म्हातारे असतील तर त्याच मापाचे नवे घाला, पण माप बदलू नका.

टायरचं वय नक्षीवरून ठरवू नका. शौकाच्या गाड्या उभ्याच जास्त असतात, त्यामुळे नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र कडक होतं. बाजूच्या भिंतीवर ‘डॉट’ या अक्षरांपुढच्या रांगेच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. शेवटी तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. अशा टायरवर गाडी घरापर्यंतसुद्धा चालवत आणू नका. स्टेपनी तपासायला बहुतेक जण विसरतात, आणि सगळ्यात जुना टायर तिथेच निघतो.

महिनाभर गाडी काय सांगते?

थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवली तर बहुधा पुढच्या चाकांत दोष असतो, सीटखाली जाणवली तर मागच्या. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर चाकांना हात लावू नका, डिस्क किंवा ड्रम बघा. वेगाबरोबर वाढणारी घरघर एका बाजूच्या वळणावर कमी-जास्त झाली तर बेअरिंग गेलं आहे. येऊरच्या चढावर स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू काढा. ‘कट् कट्’ आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाकाला इंजिनाची ताकद पोहोचवणाऱ्या दांड्याचा बाहेरचा जॉइंट संपला आहे.

गाडी एका बाजूला ओढते म्हणून थेट अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवायला पळू नका. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल, तर पुढची दोन चाकं आपसात बदलून बघा. ओढण्याची बाजू बदलली तर टायर दोषी. तीच राहिली तर दहा किलोमीटर चालवून चारही रिमच्या जवळ हात न्या. एकच चाक जास्त तापलेलं असेल तर त्याचा ब्रेक धरून राहतो आहे. दोन्ही नसेल, तर मग अलाइनमेंट. आणि तेही ढिले भाग बदलल्यानंतरच, नाहीतर ते पैसे पाण्यात.

ढिले भाग शोधणं अवघड नाही. पुढचं चाक जॅकवर उचला, खाली जॅक स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड लावा. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, डावी-उजवीकडे धरून जाणवला तर टाय रॉड एंड. ही पाच मिनिटं मी पहिल्याच दिवशी दिली असती तर माझे तीन बॅलन्सिंगचे पैसे वाचले असते.

घोडबंदर रोडच्या कोंडीत तापमानाचा काटा चढला तर रेडिएटरला दोष देण्याआधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, जागेवर आहे का, ते बघा. आपल्याकडे गाडी तापली की तो काढूनच टाकण्याची पद्धत आहे. मग इंजिन कधी नीट तापत नाही, कधी नीट थंड होत नाही. त्याच्या जोडीला वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलेलं असेल तर आत क्षार जमलेले असणार. सगळं धुऊन कूलंट भरा आणि पंखा वेळेवर सुरू होतो का, ते कोंडीत न जाता घरासमोरच तपासा.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. कार्बुरेटरच्या काळातले रबरी पाइप त्यासाठी बनलेले नव्हते, आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. पावसाळ्यात गाडी दोन-दोन महिने उभी ठेवली तर टाकीच्या तळाशी पाणी उतरू शकतं. पाइप इथेनॉलला टिकणारे घाला आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी नीट फिरवा. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे लेखी सापडलं नाही तर बदललाच नाही असं समजा.

खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे आपल्या भागातल्या गाडीचा गंज रंगाखालीच असतो. पुढची सीट सरकवून कार्पेट उचला. दारांच्या तळाची पाणी जाण्याची भोकं पिनेने मोकळी करा. बॅटरीची निगेटिव्ह पट्टी बॉडीला जिथे जोडलेली असते ती जागा घासा. मिणमिणते हेडलाइट आणि आळशी स्टार्टर यांचं मूळ फार वेळा तिथेच सापडतं.

आता चाकं

दुकानात ‘बसतंय साहेब’ ऐकलं की आपण निश्चिंत होतो. बसणं वेगळं, जुळणं वेगळं.

आधी बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी. ८०० चा ४×११४.३ (चार बोल्ट, ११४.३ मिलिमीटर), स्विफ्टचा ४×१००, फियाट पॅलिओचा ४×९८. चार बोल्टांच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांचं मधोमध अंतर मोजलं की झालं. पाच बोल्ट असतील तर शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर १.७ ने गुणा. खरा धोका जवळच्या मापांत आहे. पॅलिओवर स्विफ्टची अलॉय ओढूनताणून चढतात, पण प्रत्येक बोल्ट एक मिलिमीटर तिरका बसतो. हाताला घट्ट लागतो आणि आत वाकत राहतो. असं चाक फुकट मिळालं तरी घेऊ नका.

दुसरं मधलं भोक. बाजारातली बरीच अलॉय अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचं भोक ७३.१ मिलिमीटर ठेवलेलं असतं. व्हर्नियरने (मिलिमीटरचे अंश मोजणाऱ्या पट्टीने) हबचा व्यास मोजा आणि मधली फट भरणारी रिंग घ्या. माझी अर्धी थरथर या स्वस्तातल्या चार रिंगांनी गेली.

तिसरं ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारी चाकाची बाजू रिमच्या रुंदीच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे ते. ४५ ऐवजी ३५ ऑफसेटचं चाक घेतलं तर ते १० मिलिमीटर बाहेर येतं. बेअरिंगवरचा ताण वाढतो, मडगार्डला टायर घासतो. स्पेसर, म्हणजे हब आणि चाकाच्या मधली चकती लावून हा प्रश्न सुटत नाही, वाढतो.

आणि टायरची उंची. ८०० चा १४५/७० आर १२ (रुंदी १४५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १२ इंची) साधारण ५०८ मिलिमीटर उंच. दुकानदार अल्टोचा १४५/८० आर १२ पुढे करतो, तो ५३७. रिमवर बिनतक्रार चढतो, पण साडेपाच-पावणेसहा टक्के मोठा आहे. वेगाचा काटा ८० दाखवतो तेव्हा तुम्ही ८४ च्या वर असता, आणि ७९६ सीसीच्या इंजिनाला चढावर धाप लागते. मी घातलेला १५५/६५ आर १३ सुद्धा ५३२ होता. तेरा इंची रिमवर मूळ उंची राखायची तर फार बुटका टायर लागतो, आणि बुटका टायर मुंब्रा बायपासच्या खड्ड्यात रिमला वाचवू शकत नाही. माझं मत स्पष्ट आहे: ८०० ला बारा इंचीच शोभतं.

कुर्ल्याहून जुनी अलॉय आणणार असाल तर आतली बाजू रॉकेलने धुऊन उन्हात बघा. केसासारखी भेग किंवा वेल्डिंगची खूण दिसली की तिथेच ठेवा. नटही चाकाबरोबरचेच हवेत. होंडाचे कंपनीचे नट गोल बुडाचे असतात, बाजारातल्या अलॉयना शंकूसारखे लागतात. चुकीचा नट कितीही आवळा, तो पकडत नाही.

मूळ रिम विकू नका. १५ वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा गाडी तपासणीला न्यावी लागते. ठाण्यात असो वा वाशीला, मूळ मापाची चाकं लावलेली असली की तिथे वाद होत नाही.

बसवताना नट हाताने फिरवून सुरू करा, समोरासमोरच्या क्रमाने आवळा, आणि शेवटचा जोर एअर गनऐवजी टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेला जोर झाला की इशारा देणाऱ्या पान्याने द्या. मग ८० किलोमीटर चालवा. ठाण्याहून लोणावळ्याला पोहोचलात की चहा सांगा आणि तो येईपर्यंत सोळाही नट पुन्हा एकदा तपासा.