सेवाकार्यातल्या माणसांना सॉफ्टवेअरचं धनी कसं करावं

सेवाभावी किंवा धार्मिक संस्थेत नवं सॉफ्टवेअर यायचं ठरलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: सगळ्यांना विश्वासात घ्या. मग सभागृहात सगळे जमतात, फळ्यावर अपेक्षा लिहिल्या जातात, फळ्याचा फोटो निघतो. सॉफ्टवेअर येतं आणि देणग्यांची नोंद करणारी व्यक्ती जुन्याच एक्सेलमध्ये काम करत राहते. विचारलं सगळ्यांना होतं, पण ठरवायचा अधिकार कुणालाच दिला नव्हता.

1. अडचण लिहून काढा. एका वाक्यात, आणि ती रोज सोसणाऱ्याच्या शब्दांत. ‘डिजिटायझेशन’ ही अडचण नव्हे. ‘पावती जायला तीन आठवडे लागतात’ ही अडचण.

2. धनी नेमा, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये काय हवं यावर ज्याचा शब्द चालेल असा माणूस. बहुतेक प्रकल्प इथेच घसरतात, आणि ते कळतं मात्र शेवटी.

धनी एकच हवा. ‘स्क्रम’ या सॉफ्टवेअर बनवण्याच्या कार्यपद्धतीची मार्गदर्शिका, ‘स्क्रम गाइड’सुद्धा, प्रॉडक्ट ओनर (म्हणजे असाच धनी) ही एक व्यक्ती असते, समिती नव्हे, असं सरळ सांगते. संस्थांना मात्र समित्यांचा सोस. समितीत कुणी दुखावलं जात नाही, आणि काही ठरतही नाही.

कॉम्प्युटरची आवड असलेल्या तरुण कार्यकर्त्याला धनी करू नका. त्याचा उत्साह खरा असतो, पण सॉफ्टवेअर बिघडलं तर त्याचं रोजचं काम अडत नाही. ज्या व्यक्तीचं काम अडेल, जिला लोक फोन करून ‘माझी पावती कुठाय?’ विचारतील, तीच धनी. तिला तांत्रिक भाषा येत नसेल तर चालेल, डेव्हलपरला ती साध्या शब्दांत बोलायला लावेल.

आता वेळ. आठवड्यातला एक पूर्ण दिवस तिला मोकळा द्या आणि त्या दिवसाचं काम नाव घेऊन दुसऱ्याकडे सोपवा. ‘सेवा समजून थोडं जास्त करा’ हे वाक्य या प्रकल्पात कुणीही उच्चारू नये. सेवाभावी माणूस त्यावर नाही म्हणत नाही, रात्री जागून करतो, आणि दोन महिन्यांत बैठकांना येणं बंद करतो. तो रुसला आहे असं बाकीच्यांना वाटतं. प्रत्यक्षात तो दमलेला असतो.

मग अधिकार. एका कागदावर तीन रकाने आखा: स्वतः ठरवायचं, ठरवून कळवायचं, विचारून ठरवायचं. फॉर्मवर काय विचारायचं, पावतीचा मजकूर, कोणती मागणी आधी घ्यायची, हे पहिल्या रकान्यात. प्रशिक्षणाच्या तारखा आणि ठरावीक रकमेच्या आतला जादा खर्च दुसऱ्यात. बजेट वाढवणं, नवा करार आणि गोपनीय नोंदी कोण पाहणार, हे तिसऱ्यात. तिसऱ्या रकान्याला मुदत घाला: कामाच्या तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर धन्याचा प्रस्ताव मान्य. गोपनीयतेला मात्र ही सूट नको, तिथे लेखी होकारच हवा. कागदावर संचालकांची सही घ्या आणि तो डेव्हलपरलाही द्या.

ही सही औपचारिक वाटते, पण तिचा उपयोग दुसऱ्याच जागी होतो. संचालक जिन्यात डेव्हलपरला गाठून सहज म्हणतात, ‘तेवढा एक रिपोर्टही टाका ना.’ डेव्हलपर टाकतो, कारण बिल संचालक मंजूर करतात. धन्याला ते पुढच्या बैठकीत कळतं आणि त्या क्षणी तिचं धनीपण संपतं. म्हणून करारातच लिहा: धन्याच्या यादीतून न आलेलं काम होणार नाही आणि त्याचं बिलही लागणार नाही.

शेवटची अडचण स्वभावाची. अशा संस्थांत वडीलधाऱ्यांपुढे, गुरुजनांपुढे माणसं ‘नाही’ म्हणत नाहीत. ‘छान आहे’, ‘चालेल’ हीच उत्तरं मिळतात. ‘चालेल’ला होकार समजू नका. ‘हे आवडलं का?’ असं विचारूच नका. ‘हे आलं तर तुमचं कोणतं काम वाढेल?’ असं विचारा. एक तरी काम सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही. उत्तरं बैठकीआधी लेखी मागवा आणि पहिल्या अर्ध्या तासात वरिष्ठांना खोलीत बसवू नका.

3. काम बघा. धनी आणि डेव्हलपर दोघांनी मिळून नोंद करणाऱ्याच्या शेजारी दोन तास बसायचं, खऱ्या कामाच्या दिवशी. मधे प्रश्न कमी. एक्सेलमधला ‘शेरा’ हा रकाना शेवटपर्यंत वाचा. संस्थेचे अर्धे नियम तिथे असतात: ‘पत्र पाठवू नका, मुलाला फोन करा’, ‘नाव जाहीर नको’, ‘चेक एक, निम्मी रक्कम शिक्षण निधीला’. पिवळी ओळ म्हणजे काय, हे विचारा. बहुधा त्या घरात कुणी वारलेलं असतं आणि वर्षभर देणगीचं आवाहन पाठवायचं नसतं. हे कुठल्याही मागणीपत्रात येत नाही, कारण करणाऱ्याला तो नियम वाटतच नाही.

‘कुटुंब’ आणि ‘व्यक्ती’ यांचं नातं इथेच पक्कं करा. नवरा-बायको वेगवेगळ्या पावत्या मागतात, पण पत्र घरी एकच जायला हवं. डेटाबेस एकदा चुकीच्या पायावर उभा राहिला की ही दुरुस्ती फार महाग पडते.

समुपदेशनाच्या आणि प्रार्थनेच्या विनंत्यांच्या नोंदी वेगळ्या ठेवा. त्या कुणी पाहायच्या, हे ते काम करणाऱ्यांनी सुचवायचं आणि संचालकांनी लेखी मंजूर करायचं, डेव्हलपरने ठरवायचं नाही. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात धार्मिक श्रद्धेची माहिती विशेष संरक्षणाच्या वर्गात मोडते, आणि जिथे असा कायदा नाही तिथेही ती निष्काळजीपणे हाताळायची गोष्ट नव्हे. ‘अ‍ॅडमिनला सगळं दिसतं’ हे उत्तर मान्य करू नका.

4. यादी कापा. मागण्यांचे चार गट पाडा: हवंच, असावं, असलं तर बरं, यावेळी नाही. ही ‘मॉस्को’ पद्धत, चार गटांच्या इंग्रजी नावांच्या (मस्ट, शुड, कुड, वोन्ट) आद्याक्षरांवरून. तिचा एक नियम लोक विसरतात: ‘हवंच’ या गटाचं काम एकूण कष्टांच्या 60 टक्क्यांपेक्षा जास्त नको. उरलेली जागा काम लांबलं तर लागते. कापायचं काम धन्याने करायचं, आणि ‘यावेळी नाही’ची यादी सगळ्यांना दिसेल अशी लावायची. नाहीतर प्रत्येकाला वाटतं, आपलंच तेवढं वगळलं.

5. दर दोन आठवड्यांनी दाखवा, पण कीबोर्ड कर्मचाऱ्याच्या हातात. डेव्हलपरने बोट दाखवायचं नाही, ‘इथे क्लिक करा’ म्हणायचं नाही. माणूस जिथे थबकतो ती जागा लिहून ठेवायची. त्यासाठी मोठा जमाव लागत नाही. सॉफ्टवेअरच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2000 साली मांडलेलं गणित असं, की पाच जणांच्या चाचणीत वापरातल्या सुमारे 85 टक्के अडचणी सापडतात. मात्र चाचणीला शेऱ्यातली अवघड प्रकरणंच घ्या, फक्त नावं आणि संपर्क बदलून. ‘अबक, रुपये 100’ अशा नोंदीवर कुठलंही सॉफ्टवेअर चालतं.

6. जुना डेटा साफ करा. दुहेरी नावं सॉफ्टवेअर शोधेल. ती एकत्र करायची की नाही, हे त्या लोकांना ओळखणारी व्यक्ती ठरवेल. एकाच पत्त्यावरचे दोन सारख्या नावाचे देणगीदार अनेकदा बाप-लेक निघतात. या कामाला वाटतो त्याच्या दुप्पट वेळ धरा.

7. जुनं बंद करा. संस्थेच्या गर्दीच्या काळात बदल नको. पावत्यांचं एक पूर्ण चक्र दोन्ही ठिकाणी नोंदवा, बेरजा ताडून पाहा, आणि आधीच जाहीर केलेल्या तारखेला जुनी एक्सेल फाइल फक्त वाचण्यापुरती ठेवा. तारीख नसेल तर दुहेरी नोंद वर्षभर चालते आणि नवं सॉफ्टवेअर म्हणजे ‘जादाचं काम’ अशी त्याची ख्याती होते.

8. पुढची व्यवस्था लावा. डोमेन, सर्व्हर आणि अ‍ॅडमिनची खाती संस्थेच्या ईमेलवर घ्या, स्वयंसेवकाच्या खासगी पत्त्यावर कदापि नको. अ‍ॅडमिन दोन ठेवा. देखभालीचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत दाखवा आणि ती रक्कम कशावर घालायची हे धन्याला ठरवू द्या. पैसा हाती नसेल तर धनी नावापुरताच. सेवाकार्यात बदल्या होतात, माणसं नव्या जबाबदारीवर जातात. म्हणून पहिल्या दिवसापासून एक उपधनी बैठकांना बसवा आणि तीन रकान्यांचा कागद माणूस बदलला की नव्या नावाने पुन्हा सही करून घ्या.