नवा धडा शिकण्याआधी मनातली जुनी मांडणी कशी तपासावी

पुस्तक उघडण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा आणि त्या विषयाबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, किंवा ठाऊक आहे असे वाटते, ते सारे कशातही न बघता लिहून रेघांनी जोडावे. मानसशास्त्रात जिला स्कीमा म्हणतात ती मनातली मांडणी या कागदावर उतरते, आणि पुढची प्रत्येक नवी माहिती तिच्यातच जागा शोधणार असते.

समजा धडा देवमाशाचा आहे. बहुतेक मुले त्याला माशांच्या रकान्यात लिहितील, आणि त्यांना लगेच चूक म्हणू नये, कारण शरीराचा आकार, समुद्राचे पाणी आणि खुद्द आपल्या भाषेने दिलेले नाव तिकडेच बोट दाखवते. 'तो सस्तन प्राणी आहे' एवढे वाक्य पाठ करून घेतले, तर जुनी मांडणी तशीच राहते आणि ते वाक्य परीक्षेनंतर गळून पडते. त्याऐवजी मांडणीला अडचणीत आणणारे प्रश्न विचारावेत. तो श्वासासाठी वर का येतो? माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते, मग याची वर-खाली का? जमिनीवर धावणाऱ्या त्याच्या पूर्वजांचा कणा वर-खाली वाकत असे, हे कळले की रकाना मोडून नवा आखावाच लागतो. जुन्या चौकटीत नवे बसवणे आणि नव्यासाठी चौकट बदलणे, हा फरक स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी स्पष्ट केला. माझ्या मते शिकवणाऱ्याचे खरे कसब यातल्या दुसऱ्या, म्हणजे चौकट बदलण्याच्या कामात लागते.

धड्याची टिपणे गटांत लावताना वरवरच्या साम्यावर जाऊ नये. मानसशास्त्रज्ञ मिशेलीन ची (Chi) आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1981 सालच्या अभ्यासात नवशिक्यांनी भौतिकशास्त्राची गणिते उतरण, कप्पी अशी दिसण्यावरून लावली, तर जाणकारांनी ऊर्जा अक्षय्यतेसारख्या नियमांवरून.

आठवड्याने तोच धडा आठवून लिहावा आणि पुस्तकाशी ताडून पाहावा. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींची एक कथा इंग्रज वाचकांनी पुन्हा सांगितली, तेव्हा 'कनू'ची (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीची) साधी बोट झाली आणि सीलच्या शिकारीची मासेमारी. आपल्या लिखाणातही असे जे नकळत बदलले असेल, ते लाल शाईने खुणावे आणि पहिल्या कागदावरच्या कोणत्या रेघेने ते ओढून नेले, ते शोधावे.