गावाकडची काटकसर शहरातल्या मुलांच्या अंगी कशी बाणवावी

गावात वाढलेल्यांना पर्यावरणाचे धडे कुणी दिलेले नसतात. सालं जनावरांपुढे, शेण शेतात, जुनं कापड पुसायला. प्रत्येक गोष्टीची पुढची जागा ठरलेली असायची. शहरातल्या घरात ती जागाच नसते, म्हणून मुलांना कितीही सांगितलं तरी उपयोग होत नाही. आधी जागा करा, मग बोला.

१. एकच सवय निवडा. लहानपणी तुम्ही स्वतः करत होतात अशी कामं आठवा आणि त्यातलं एक घ्या. माझा आग्रह खताचा आहे, कारण त्यातला बदल मुलांना डोळ्यांनी दिसतो. शिवाय कचऱ्याच्या ढिगात हवेविना कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो, तोही तेवढा टळतो.

२. खताची बादली लावा. झाकणाच्या बादलीला तळाशी आणि बाजूंना भोकं पाडा, खाली ताटली ठेवा. तळात वाळक्या पानांचा किंवा फाडलेल्या पुठ्ठ्याचा जाड थर द्या. रोजची सालं, देठं बारीक चिरून टाका आणि वर त्यांच्या दुप्पट सुका पाला पसरा. सगळ्यांचा हात इथेच आखडतो आणि वास सुटतो. वास आला तर सुकं वाढवा, ढवळा. मुंग्या लागल्या तर ते कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. मूठभर घेऊन दाबल्यावर हाताला ओल लागावी, धार लागू नये. तेलकट, शिजवलेलं, मांस-मासे टाकू नका. हवामानानुसार दोन-तीन महिन्यांत, कधी जास्त काळाने, मातीच्या वासाचं काळसर खत मिळतं.

३. बादली मुलाच्या स्वाधीन करा. लहानग्याने पुठ्ठा फाडावा, मोठ्याने ढवळावं, ओल तपासावी. मदतीला बोलावू नका, जबाबदारी द्या. या दोन्हींत फार फरक आहे. एखादा दिवस विसरलं तर तुम्ही करून मोकळे होऊ नका. वास आला की काय चुकलं ते त्यालाच शोधू द्या. गावात आपणही असेच शिकलो, काम करता करता.

४. पाण्यासाठी एक भांडं ठेवा. भाज्या-फळं धुतलेलं पाणी कुंड्यांना चालतं. मिठाचं किंवा साबणाचं नको.

५. दुरुस्तीचा डबा करा. सुई, दोरा, बटणं, कात्री, गोंद. कपडा उसवला की पहिल्यांदा हा डबा उघडायचा. आठ-नऊ वर्षांचं मूल बटण लावायला सहज शिकतं. एक तुम्ही लावून दाखवा, दुसरं त्याला लावू द्या. टाका वाकडा आला तरी उसवून पुन्हा घालू नका. तोच शर्ट घालून त्याला बाहेर जाऊ द्या.

६. एक सवय अंगवळणी पडली की दुसरी घ्या. दुसरी कोणती, हे या वेळी मुलाला ठरवू द्या.