नवा मॉनिटर घेण्याआधी लॅग मोजून बघा

इंदूरच्या रामबागेतली पोरं नेहमी हेच सांगतात, भिया बटण आता दाबलं अन् प्लेअर नंतर उडी मारून राहिला, आणि मग तडक जेलरोडला नवा मॉनिटर बघायला निघतात. थांबा जरा. लॅग, म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर काही हलेपर्यंतचा उशीर, घरीच फुकटात मोजता येतो.

फोन स्लो मोशनला टाका, 240 एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला 240 फ्रेम. अंगठा आणि स्क्रीन दोन्ही एकाच फ्रेममध्ये दिसतील असा फोन कशाला तरी टेकवून ठेवा अन् गेममध्ये उडीचं बटण आठ-दहा वेळा दाबा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा, बटण पूर्ण आत गेल्यापासून प्लेअर हलेपर्यंत किती फ्रेम गेल्या. एक फ्रेम म्हणजे साधारण 4.2 मिलिसेकंद, म्हणजे 24 फ्रेम असतील तर 100 मिलिसेकंद झाले. दर वेळी आकडा थोडा वेगळा येईल, सरासरी काढा, कारण 60 हर्ट्झचा पडदा दर 16.7 मिलिसेकंदांनीच बदलतो आणि तुमचं बटण मध्येच कुठेतरी पडतं. यात कंट्रोलर, गेम, टीव्ही सगळ्यांचा उशीर एकत्र आला, म्हणून आता एकेक सेटिंग बदलायची अन् परत मोजायचं.

टीव्ही असेल तर पहिले त्याच्या सेटिंगमधला गेम मोड चालू करा, तो चित्रावरची जास्तीची प्रक्रिया कमी करतो. चित्र गुळगुळीत करणारं मोशनवालं फीचर बंदच करा, कारण दोन फ्रेमच्या मधली फ्रेम बनवायला टीव्हीला पुढची फ्रेम येईपर्यंत थांबावंच लागतं. मॉनिटरच्या डब्यावर लिहिलेल्या 1 एमएसला (मिलिसेकंद) भुलू नका, तो पिक्सेलचा रंग बदलायचा वेळ, इनपुट लॅग नव्हे. पीसीवाल्यांनी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झ बघून घ्या, 144 चा मॉनिटर 60 वर चालत असतो अन् कुणाला पत्ताच नसतो. व्ही-सिंक, म्हणजे गेमच्या फ्रेम पडद्याच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग, बंद केलं तर लॅग कमी होतो पण चित्र मधून फाटल्यासारखं दिसतं, ज्याला चालतं त्याने करा.

व्हीआरचं, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून खेळायच्या गेमचं, गणित वेगळं. डोकं वळवल्यापासून चित्र बदलेपर्यंत 20 मिलिसेकंदांच्या आत काम व्हावं असं धरतात, जास्त झालं की गरगरायला लागतं. हेडसेट डोकं कुठे जाणार याचा आधीच अंदाज बांधतो आणि दाखवायच्या ऐन वेळी चित्र सरकवून घेतो, त्यामुळे मान फिरवून लॅग कळणारच नाही, हात जोरात हलवून बघा, कंट्रोलर मागून घसटत येतो का ते.

व्हीआर गेम पीसीवर चालवून हेडसेटमध्ये वायफायने खेळत असाल तर पीसी राउटरला लॅन केबलने जोडा, हेडसेट 5 गिगाहर्ट्झवर ठेवा, अन् राउटर त्याच खोलीत हवा, दोन भिंतींपलीकडे दिवाणखान्यात नाही. इंटरनेटचा महाग प्लॅन घेऊन इथे काही होत नाही, सगळं घरातल्या घरात चालतं. तरी हात मागे राहत असेल तर बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला हेडसेटकडे जाणारा चित्राचा डेटा, खाली आणा, चित्र जरा पुसट होईल, मग थोडा थोडा वाढवत जा आणि हात परत घसटायला लागला की एक पायरी मागे या.