अंतर आणि केवलमूल्य काढताना या चुका टाळा

दोन बिंदूंमधले अंतर काढणे आणि संमिश्र संख्येचे केवलमूल्य (म्हणजे शून्यापासूनचे तिचे अंतर) काढणे ही संगणकाच्या दृष्टीने एकच क्रिया आहे: दोन बाजूंवरून कर्ण काढायचा. पायथागोरसचे सूत्र शाळेपासून पाठ असल्यामुळे नवा प्रोग्रॅमर लायब्ररीतल्या, नेमके हेच काम करणाऱ्या हायपॉट (hypot) या फंक्शनकडे ढुंकूनही पाहत नाही. तो दोन वर्ग करतो, बेरीज घेतो, वर्गमूळ काढतो आणि पुढे जातो. सूत्रात काहीच चूक नाही, पण मधल्या पायरीवरची संख्या मावत नाही.

३ आणि ४ यांना १० च्या २०० व्या घाताने गुणून बाजू घेतल्या, तर ५ गुणिले तोच घात एवढा कर्ण डबल या ६४ बिटी दशांश संख्येच्या प्रकारात सहज बसतो. वर्ग करताच मात्र ४०० वा घात लागतो, डबलची मर्यादा ३०८ व्या घाताच्या आसपास आहे, आणि उत्तर अनंत येते. घात उणे २०० असेल तर दोन्ही वर्ग शून्य होतात आणि अंतरही शून्य ठरते. मला या शून्याची जास्त धास्ती वाटते, कारण अनंत निदान नजरेत भरतो, तर शून्य हे खरे उत्तर असल्यासारखे पुढच्या हिशेबात मिसळून जाते.

यावर उपाय म्हणून काही जण मोठ्या बाजूने भागण्याची युक्ती स्वतःच लिहितात. मग दोन्ही बाजू शून्य असताना शून्याला शून्याने भागले जाते आणि नॅन (NaN, म्हणजे 'संख्या नाही' अशी खूण) हाती येतो. हे सगळे कोपरे हायपॉट लिहिणाऱ्यांनी आधीच सांभाळले आहेत. सी भाषेत ते १९९९ च्या मानकापासून आहे, आणि पायथनच्या ३.८ आवृत्तीपासून त्याला दोनहून अधिक निर्देशकही देता येतात. ते थोडे हळू चालते हे खरे, पण मोजमाप न करता वेगाचे कारण पुढे करणे मला मुळीच मान्य नाही.

दुसरी चूक अधिक महागात पडते. अनेक बिंदूंची अंतरे एकदम काढण्यासाठी फरकाच्या वर्गाचा कंस उलगडून लिहितात: पहिल्याचा वर्ग, दुसऱ्याचा वर्ग, वजा गुणाकाराची दुप्पट. एका कार्यालयातून माझ्याकडे पुणे परिसरातील विहिरींची यादी तपासायला आली होती. पन्नास मीटरच्या आतल्या नोंदी एकच विहीर समजून एकत्र करायच्या होत्या. जवळच्या जोड्यांची अंतरे ०, ५१२ किंवा ७२४ मीटर अशीच येत होती, काही ठिकाणी नॅन होता, आणि चांगल्या चारशे मीटर दूरच्या विहिरी एकमेकींत विलीन झाल्या होत्या. संबंधितांनी आधी सर्वेक्षणालाच दोष दिला होता.

निर्देशक यूटीएम पद्धतीचे (नकाशावरची जागा मीटरमध्ये सांगणारे) होते आणि फ्लोट या ३२ बिटी दशांश संख्येच्या प्रकारात साठवले होते. पुण्याचा उत्तर निर्देशक सुमारे २०,४८,००० मीटर. तिथे फ्लोटच्या दोन लगतच्या संख्यांत १२.५ सेंटिमीटरचे अंतर असते, म्हणजे साठवण पुरेशी नेमकी होती. पण त्याचा वर्ग चार लाख कोटींच्या पुढे जातो आणि तिथे लगतच्या संख्यांतले अंतर २,६२,१४४ होते, जो बरोबर ५१२ चा वर्ग आहे. वजाबाकी आधी आणि वर्ग नंतर, एवढा क्रम बदलताच यादी सरळ झाली. मी आजही आधी फरक काढतो आणि तोच हायपॉटला देतो.

सी भाषेत संमिश्र संख्येला केवलमूल्याचा एबीएस (abs) लावू नका: तो पूर्णांकासाठी आहे, त्यामुळे ३ + ४आय चे उत्तर मुकाट्याने ३ येते. तिथे संमिश्र संख्यांसाठीचा सीएबीएस (cabs) हवा. जीसीसी या कंपायलरचे जादा इशारे चालू ठेवले तर ही चूक कंपाइल करतानाच कळते. ते बंद करणाऱ्यांची घाई मला समजत नाही.

सी++ मधले नॉर्म (norm) हे फंक्शन केवलमूल्य देत नाही, त्याचा वर्ग देते.

३२ बिटी पूर्णांकात ४६,३४० च्या पुढच्या संख्येचा वर्ग मावत नाही. पिक्सेलमधली अंतरे मोजतानाही आधी संख्या डबल प्रकारात बदलून घ्या.

एक बाजू अनंत आणि दुसरी नॅन असेल तर हायपॉट अनंत देतो. मानकातच तसे ठरलेले आहे, तेव्हा त्याला दोष समजून दुरुस्त करायला जाऊ नका.